डिझेलची तारीख

ताईचं पोट बोलण्यावर चालायचं, पण दिवसभर तिच्या तोंडून जे निघायचं त्यातलं एकही वाक्य तिचं स्वतःचं नसायचं. ती सरकारी दुभाषी होती. मोठ्या सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून काचेची एक खोली असते. खोली कसली, कपाटच ते. दोन खुर्च्या, दोन माईक, कानाला लावायचे हेडफोन आणि कोमट पाण्याचा थर्मास. तिथे ती बसायची. समोर कुठल्यातरी देशाचा मंत्री आपल्या भाषेत बोलायला लागला की अर्ध्या वाक्याच्या अंतराने तिचा आवाज इथल्या अधिकाऱ्यांच्या कानात उतरायचा.

या कामाचा एक नियम आहे. "ते म्हणतात की" असं दुभाष्याने म्हणायचं नाही. बोलणारा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. त्यामुळे ताई सकाळी तेलाच्या विहिरी असलेल्या देशाचा मंत्री असायची, दुपारी पाण्याखाली चाललेल्या एखाद्या बेटाची प्रतिनिधी, आणि चहानंतर कोळसेवाल्यांचा प्रवक्ता. "मी हे अजिबात मान्य करणार नाही," असं ठणकावून सांगायची आणि मिनिटभरात तितक्याच जोरात म्हणायची, "मी याचं मनापासून स्वागत करतो." बोलणारा पुरुष असला की करतो, बाई असली की करते. एकदा घरी आईने चहा घेतेस का विचारलं, तर ही म्हणाली, "घेतो." आई पुढे कितीतरी दिवस हसत होती.

ताईचा जोडीदार होता मास्तर. पूर्वी शाळेत भाषा शिकवायचा म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. अर्धा तास तो, अर्धा तास ती. कारण त्याहून जास्त वेळ एका भाषेत ऐकत दुसरीत बोलत राहिलं तर डोक्याचं दही होतं. एक बोलत असला की दुसरा कागदावर आकडे लिहून पुढे सरकवायचा, खोकल्याची गोळी पुढे करायचा, आणि मंत्र्यांची भाषणं फार लांबली तर त्यांच्या टकलांची चित्रं काढायचा.

सुरुवातीची वर्षं ताईच्या वाट्याला सगळंच यायचं: मासेमारी, विमानतळ, गुरांचे रोग. पण पुढेपुढे तिचं बरंचसं काम एकाच विषयावर येऊन अडकलं. पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा स्वस्त राहावा म्हणून सरकारं जो पैसा ओततात, तो थांबवायचा कसा. या विषयाचं भिजत घोंगडं देशोदेशी पडलेलं होतं. दर वर्षी सगळे जमायचे, हे थांबलं पाहिजे यावर एकमत व्हायचं, आणि आपापल्या घरी जाऊन तेच पुढे चालू ठेवायचे. एका देशात पेट्रोल बाटलीतल्या पाण्याहून स्वस्त होतं. त्यांचा मंत्री म्हणायचा, हे अनुदान नव्हे, जमिनीतून निघतं त्यात जनतेचा वाटा आहे. दुसऱ्या देशात पंपावरचं पेट्रोल महाग, पण तेल काढणाऱ्या कंपन्यांना कर माफ. हे अनुदान नव्हे, गुंतवणुकीला चालना आहे. तिसरा देश तोट्यातल्या खाणी सरकारी पैशावर चालवायचा, कारण त्या बंद झाल्या तर पूर्ण जिल्हा बसला असता. चौथा देश थंडीत म्हाताऱ्या माणसांची गॅसची बिलं भरायचा. त्या चौथ्याची मास्तर चेष्टा करायचा तेव्हा ताईला हसू यायचं नाही, कारण घरी आईचे दुखरे गुडघे होते आणि थंडीत गॅसचा हीटर सकाळी आधी त्या गुडघ्यांसाठी पेटायचा.

"शेजारी देतो ते अनुदान," मास्तर म्हणायचा, "आपण देतो तो आधार. शब्दकोश काय उगाच घेतलाय?"

असं ऐकत, असं बोलत बरीच वर्षं गेली आणि ताई थकली. घसा थकला नव्हता, तो ती जपायची. थंड पाणी नाही, ओरडणं नाही. तिला कुठल्याच गोष्टीवर मत उरलं नव्हतं. खिडकीला पडदा निळा घ्यावा की हिरवा, असं आईने विचारलं तर तिला निळ्याची बाजूही पटायची आणि हिरव्याचीही. शेवटी आईनेच वैतागून पांढरा आणला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. तिथे ती आणि आई. त्याच इमारतीत तळमजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय. भावाला घरात सगळे धाकट्याच म्हणायचे, चाळिशी उलटली तरी. त्याची एक बस होती. ती गल्लीच्या तोंडाशी उभी असायची, आणि सकाळी ती सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरची भांडी मांडणीत थरथरायची. गावाबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बायकांना तो सकाळी सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. बस जुनी, धूर ओकणारी, पण डिझेल सरकारी दराने मिळायचं म्हणून परवडायची. बायकांना भाडं परवडायचं, त्याला बस परवडायची, कारखान्याला बायका परवडायच्या. सगळा डोलारा त्या स्वस्त डिझेलवर उभा होता, पण तो रोजचाच असल्यामुळे कुणाला दिसत नव्हता.

धाकट्या बोलका होता. ताई घरी आली की गप्प असायची आणि तो वर येऊन तिच्या वाटचंही बोलून जायचा. कुठल्या बाईचा नवरा परत आला, कुठली पोर लग्न करून निघून गेली, गिअरबॉक्स कसा रुसलाय. ताई ऐकायची. दिवसभरात एवढंच ऐकणं असं असायचं की ज्याचं पुढे काही करायचं नसे.

त्या वर्षी मास्तर निवृत्त झाला. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. त्याच्या जागी कुणी आलं नाही. खर्चकपात. आणि त्याच वर्षी बाहेरच्या बँकेची माणसं येऊ लागली. सरकारची तिजोरी रिकामी झाली होती आणि ती भरायला जे मदत करणार होते, ते आधी खर्चाकडे बोट दाखवत होते. खात्यात त्यांना 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांच्या बैठका मोठ्या सभागृहात होत नसत. आतल्या एका छोट्या खोलीत लांबट टेबल, एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला सचिवसाहेब आणि त्यांची माणसं, आणि मधोमध, जरा मागे, ताईची खुर्ची. तिथे काच नव्हती, हेडफोन नव्हते. तिथे ती माणसांच्या कानाशी वाकून बोलायची. अशा खोलीत जे ऐकू येईल ते खोलीबाहेर न्यायचं नाही, ही शपथ तिने नोकरीला लागली त्याच दिवशी घेतली होती. आजवर ती पाळायला कष्ट पडले नव्हते. ऐकलेलं घरी सांगावं असं त्यात काही नसायचंच.

त्या दिवशी सचिवसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डिझेलचं अनुदान पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून काढतो," ते म्हणाले. "सगळं एकदम. थोडंथोडं काढलं तर दर वेळी नव्याने बोंब होते."

ताईने ते पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं. 'पहिली तारीख' हे शब्द त्या खोलीत त्यांच्या भाषेत सगळ्यांत आधी उच्चारले ते तिनेच.

पाहुण्यांच्या प्रमुख एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. सावकाश बोलायच्या, दुभाष्याला दम घ्यायला वेळ द्यायच्या. त्यांनी विचारलं, लोकांना आधी सांगणार का?

"आदल्या संध्याकाळी," सचिवसाहेब म्हणाले. "आधी सांगितलं तर लोक पिंपं भरून ठेवतील. पंपांवर रांगा लागतील, मारामाऱ्या होतील."

"आणि ज्यांना झेपणार नाही त्यांचं काय?"

"थेट पैसे देणार आहोत. याद्या होतायत."

"कधीपर्यंत?"

"होतायत," सचिवसाहेब पुन्हा म्हणाले.

या 'होतायत'ला त्या भाषेत शब्द नव्हता. 'तयार आहेत' म्हटलं तर खोटं झालं असतं, 'झालेल्या नाहीत' म्हटलं तर सचिवसाहेबांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेलं गेलं असतं. ताई 'काम सुरू आहे' असं काहीतरी म्हणून मोकळी झाली. बाईंनी मान हलवली आणि पुढचा मुद्दा घेतला.

ती घरी पोचली तेव्हा धाकट्या वरच होता, आईजवळ जेवायला बसला होता. भावजयसुद्धा होती. सगळ्यांचे चेहरे फुललेले.

"ताई, बस बघून आलो," तो तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. "शाळेची होती. आतून अशी स्वच्छ की चप्पल काढून चढावंसं वाटतं. कारखान्यात दुसरी शिफ्ट सुरू होतेय, मॅनेजर म्हणाला दोन बस असतील तर काम तुलाच."

ताईने हात धुवायला म्हणून नळ सोडला आणि तो बराच वेळ वाहू दिला.

"एवढी घाई कशाला," ती तिकडूनच म्हणाली.

"घाई कुठली? दोन वर्षं बोलतोय मी."

"थांब ना जरा. महिनाभर."

"महिनाभर थांबलो तर दुसरा कुणी उचलेल. उद्या इसार देतोय."

"धाकट्या, मी सांगते म्हणून थांब."

आता तो जेवायचा थांबला. "का पण?"

ताईने टॉवेलला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. "एवढं मोठं ओझं अंगावर घ्यायचं तर... वेळ बरी नाही."

"वेळ बरी नाही म्हणजे?" धाकट्या आईकडे बघून हसला. "ही कधीपासून वेळकाळ बघायला लागली?"

भावजय हसली नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, ताई. आम्ही तुमच्याकडे काही मागायला आलो नव्हतो." आणि ताटं उचलायला लागली.

ते ताईला लागलं. खरं तर तिथेच बोलून मोकळं व्हायचं होतं. एक वाक्य होतं, लहानसं. पण धाकट्याला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. त्याच्या पोटात काही राहायचं नाही, हे लहानपणापासून ठाऊक. दुसऱ्या दिवशी पंपावर तो पिंप घेऊन उभा राहिला असता आणि का म्हणून कुणी विचारलं असतं, तर प्रामाणिकपणे सांगून टाकलं असतं. नोकरी गेली असती, ते एक. पण नोकरीपेक्षा तिला दुसरंच काहीतरी आड येत होतं, आणि ते काय होतं हे तिला धड कळलंही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पोचवताना तिने स्वतःचा एक शब्द मध्ये घातला नव्हता. तेवढी एकच गोष्ट तिच्या हातून नीट झाली होती. ती मूग गिळून बसली.

दोन दिवसांनी ती मास्तरकडे गेली. तो बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. डावा कान तिच्याकडे करून बसला.

"एक विचारायचंय," ती म्हणाली.

"आतल्या खोलीतलं असेल तर मला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण घरच्या माणसाचं नुकसान होत असेल तर..."

मास्तरने पाण्याचा डबा खाली ठेवला. "माझ्या सासऱ्यांचे सगळे पैसे एका बँकेत होते," तो म्हणाला. "ती बुडणार हे मला आधी कळलं होतं. मीच बोललो होतो ते, माईकवर नाही, असंच कानात."

"मग?"

"मग काय. बुडाली. मी गप्प होतो. सासरे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बायको अजूनही मला वेळेवर चहा देते, पण तो विषय निघाला की उठून आत जाते." तो थोडा वेळ कुंडीतलं वाळकं पान खुडत राहिला. "बरोबर केलं की चूक, मला विचारू नकोस. तू आता जशी बसली आहेस ना, तसाच मीही बसलो होतो. एवढंच सांगू शकतो."

धाकट्याने इसार दिला, मग उरलेले पैसे उभे केले, आणि बस गल्लीत आणून उभी केली. आजूबाजूच्या पोरांनी हॉर्न वाजवून घेतला. ताई खाली गेली, बसमध्ये चढली, सीटवरून हात फिरवला, छान आहे म्हणाली. धाकट्या एवढा खूश होता की मागचं सगळं विसरला होता.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं. सकाळी पंपावर नवा दर होता, जवळपास दुप्पट.

पुढचं सगळं पायरीपायरीने झालं. पहिले काही दिवस धाकट्याने खिशातून पैसे घातले. मग भाडं वाढवलं. बायकांनी आठवडाभर दिलं, मग त्यांनी आपसात ठरवून अर्ध्या वाटेवर उतरायला सुरुवात केली. तिथून पुढे चालत. संध्याकाळी त्याच वाटेवर त्या गटागटाने परत येताना दिसायच्या, चपला हातात घेतलेल्या. काहींनी काम सोडलं. कारखान्याच्या मॅनेजरने खांदे उडवले, दुसरी शिफ्ट लांबणीवर टाकली. शाळेची स्वच्छ बस गल्लीत नुसती उभी राहू लागली. तिच्या काचेवर धूळ बसली आणि धुळीत पोरांनी बोटाने नावं लिहिली.

मग एक दिवस टीव्हीवर पाहुण्यांची बातमी आली. बातमीत तीच खोली दाखवली, जुनीच चित्रफीत असणार. लांबट टेबल, सचिवसाहेब, पिकल्या केसांच्या बाई, आणि दोघांच्या मधे, जरा मागे, वाकलेलं एक डोकं. बातमी जेमतेम मिनिटभराची, पण धाकट्याने ते डोकं ओळखलं.

तो वर आला. ओरडला नाही. आईच्या पलंगाच्या कडेवर टेकला.

"तू होतीस तिथे."

"माझं कामच आहे ते."

"तुला कधी कळलं?"

ताईने मान खाली घातली. "ते मला सांगता येत नाही."

"बस घ्यायच्या आधी की नंतर? एवढं तरी?"

"धाकट्या, मला सांगता येत नाही."

तो उठला. "बरं," म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्यानंतर त्याचं वर येणं बंद झालं.

आता दोघांच्या मधे आई आली. तिचे गुडघे दुखत असताना ती जिना उतरायची, चढायची. खालून वर येऊन सांगायची, "धाकट्या विचारत होता, जेवलीस का." धाकट्याने असं काही विचारलेलं नाही, हे ताईला कळायचं. आणि वरून खाली जाऊन ती काय सांगत असेल, याचाही अंदाज यायचा. ताईने इतकी वर्षं दुभाषीपणा केला, पण असं पदरचं घालून तिला कधी करता आलं नव्हतं.

बसवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. चौकात बसून राहिले, दोनदा रस्ता अडवला, एकदा लाठ्या खाल्ल्या. पाहुणे पुन्हा आले तेव्हा पिकल्या केसांच्या बाईंनी सांगितलं, ज्यांना याची झळ लागली त्यांच्याशी बोलायचंय. सचिवसाहेबांना ते मनातून आवडलं नाही, पण नाही म्हणता येईना. बसवाल्यांची तीन माणसं बोलावली. सकाळी यादी ताईच्या हातात आली. त्यात धाकट्याचं नाव होतं.

ती सचिवसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, त्यातला एक माझा भाऊ आहे."

"सख्खा?"

"सख्खा."

त्यांनी कपाळ चोळलं. "दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

"कुणी नाही."

"मग? जमेल ना?"

"जमेल," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तीच खोली. पहिले दोघे बोलले, टायर महाग, सुटे भाग महाग, रोजचा धंदा अर्ध्यावर. ताईने पोचवलं. मग धाकट्याची पाळी आली. आत आल्यापासून त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. धुतलेला शर्ट, नखांच्या कडांना काळं ग्रीस. तो बाईंकडे बघून बोलायला लागला आणि हा नेहमीचा बोलका माणूस आज शब्द मोजून बोलत होता.

"मी बस चालवतो. महाग झालं त्याचं मला एवढं नाही. कधी ना कधी होणारच होतं, मला पण कळतं. पण मला कुणी सांगितलं नाही. आधी कळलं असतं तर मी दुसरी बस घेतली नसती." तो थांबला. "ज्यांना माहीत होतं त्यांनीही सांगितलं नाही. माझ्या घरात माहीत होतं."

ताईने श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. त्या भाषेत बोलणारा बाप्या आहे की बाई, हे क्रियापदावरून कळत नाही. मी बस चालवतो. मला कुणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनीही सांगितलं नाही. माझ्या घरात माहीत होतं. एकही शब्द तिने गाळला नाही, एकही मऊ केला नाही. तिने पाण्याचा घोट घेतला.

बाई धाकट्याकडे बघून हळूहळू काही वाक्यं बोलल्या. ताई भावाकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अहो-जाहो केलं.

"तुमच्या बाबतीत जे घडलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला आधी कळायला हवं होतं. ते आमच्याकडून चुकलं."

धाकट्याने आता मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "हे त्या म्हणाल्या का तू?"

"त्या," ताई म्हणाली.

"काय विचारलं त्यांनी?" बाईंनी विचारलं.

काम होतं ते. ताईने तेही सांगितलं: तुम्ही म्हणालात की मी म्हणाले, असं विचारतायत. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोघांची नाकं एकसारखी होती, आईची. त्यांना काय कळलं काय नाही, कोण जाणे. त्यांनी पेन बंद केलं आणि पाच मिनिटं थांबू या म्हणाल्या. त्या पाच मिनिटांत धाकट्या खिडकीशी उभा राहिला आणि ताई आपल्या खुर्चीवर बसून होती.

त्या बैठकीतून थोडंफार निघालं. प्रवासी बसना वर्षभर डिझेलमागे काही पैसे परत मिळायचं ठरलं. त्याला 'तात्पुरता दिलासा' असं नाव दिलं. पुढच्या मोठ्या सभेत दुसऱ्या एका देशाने त्यालाच अनुदान म्हटलं आणि आपले सचिवसाहेब चिडले. ताईने त्यांचं चिडणं पोचवलं. थेट पैशांच्या याद्या एकदाच्या झाल्या. त्यात आईचं नाव आलं. धाकट्याचं आलं नाही, कारण दोन बसचा मालक गरीब कसा? तोवर त्याने दुसरी बस विकून टाकली होती, मिळेल त्या भावाला, दूरच्या कुणालातरी. जुनीवर तो पुन्हा कारखान्याची फेरी करू लागला. बायका पहिल्यापेक्षा कमी होत्या. ज्या चालायला लागल्या होत्या त्यातल्या काही चालतच राहिल्या.

ताईने सचिवसाहेबांना सांगितलं, आतल्या खोलीचं काम मला यापुढे नको. ते म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात तिचं नाव पुन्हा तिथेच होतं.

मग घरात मोरीतला नळ गळायला लागला. प्लंबर येतो येतो म्हणत आला नाही. आई खाली जाऊन काय बोलली कुणास ठाऊक, पण एका रविवारी दुपारी धाकट्या पाना घेऊन वर आला. वाकून नळ खोलला, वायसर बदललं. हात पुसत बाहेर आला तेव्हा ताईने चहा पुढे केला. त्याने घेतला. खुर्चीत बसला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुला सांगता येत असेल तर सांग."

"विचार."

"बाकीच्या देशांत काय करतात गं? सगळीकडे असंच?"

ताईने विचार केला. हे काही बंद खोलीतलं नव्हतं. भर सभेत बोललेलं, कुणालाही सांगावं असं होतं. मग ती सांगायला लागली. एका देशाने आधी वर्षभर लोकांच्या खात्यात पैसे टाकले आणि मग पेट्रोलचा भाव वाढवला; तरी लोक चिडले, पण कमी. एका देशाने एका रात्रीत वाढवला, दुसऱ्या आठवड्यात दंगल झाली आणि भाव होता तिथे आणून ठेवला. त्यांचा मंत्री ते सांगताना घाम पुसत होता. एक देश खाणी बंद करतो म्हणाला, खाणकामगारांना घरी बसून पगार देऊ लागला, आणि त्यातले काही जण पगार नको पण काम द्या म्हणून त्याच खाणीच्या दारात येऊन बसले.

"मग?" पलंगावरून आईने विचारलं. तिला ताईच्या कामाबद्दल कधी एवढं ऐकायला मिळालं नव्हतं.

ताईने भावाकडे पाहिलं. त्याची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती. तोंड किंचित उघडं. सकाळी अंधारात उठून गाडी काढणारा माणूस, रविवारी दुपारी बसल्याजागी झोपला होता. कप अजून हातातच होता, मांडीवर टेकवलेला, तळाशी थोडा चहा. तिने तो हळूच काढून घेतला.

"झोपला होय," आई म्हणाली. "झोपू दे. त्या खाणीवाल्यांचं पुढे काय झालं गं?"

"माहीत नाही, आई. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली."

आईने मान हलवली, पाय सरळ केले आणि गुडघ्यावर हात फिरवत बसली. ताई कप विसळायला मोरीत गेली. नळ पूर्ण बंद होत होता.